दीडसूत मास्तर

रावजी मास्तर कुणाच्या घरी गेले की आधी चहा घेत नसत, आधी चौकट तपासत. लेंग्याच्या नाडीत खोचलेला गुण्या बाहेर काढायचा (सुतार काटकोन बघायला वापरतात तो, लाकडी मुठीचा आणि लोखंडी पात्याचा), दाराच्या कोपऱ्यात लावायचा, एक डोळा मिटायचा आणि घरातल्या बाईला मयताची बातमी द्यावी तशा आवाजात सांगायचं, "वैनी, दीड सूत भायेर हाय."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड सूत म्हणजे तुमच्याआमच्या लेखी काहीच नाही. पण मास्तरांच्या लेखी जगात जे जे बिघडलं होतं ते दीड सुतानंच बिघडलं होतं. भिंतीवरचे फोटो दीड सूत. सत्यनारायणाचा चौरंग दीड सूत. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात नवरानवरी फोटोला उभी राहिली, तर हे गर्दीतून पुढे आले, डोळा मिटला आणि तिच्या कानाशी म्हणाले, "नवरा दीड सूत कललाय, बाय. सांभाळ." पुढे तो खरंच कलला, पण ती गोष्ट वेगळी.

सगळा डिलाईल रोड त्यांना दीडसूत मास्तर म्हणायचा. मास्तर कसले, मिलच्या सुतारखात्यात कामाला होते. मूळचे रत्नागिरीकडचे. आमच्या चाळीसमोर मैदान आणि मैदानापलीकडे त्यांची चाळ. त्या चाळीनं नुकतीच बाबासाहेबांच्या मागोमाग दीक्षा घेतली होती, घरोघरचे देव हलले होते. मास्तर दारोदार जाऊन सांगायचे, "भिंत मोकळी ठेवायची नाय. फळी मारा, फळीवर पुस्तकं ठेवा." ते स्वतः एका खोलीत एकटे राहायचे. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही.

त्या सुमारास दोन्ही चाळींतल्या पोरांनी मिळून व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत अभ्यासिका काढली. घरोघर हिंडून पुस्तकं मागून आणली आणि जमिनीवर रचली. आठवड्याभरात उंदरांनी इतिहासाचं पुस्तक पानिपतापर्यंत वाचून संपवलं. मुलं म्हणाली, वर्गणी काढून कपाट घेऊ. मास्तर तिथंच उभे होते.

"कपाट घ्यायला काय हात मोडल्यात तुमचे?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. आम्ही आठ जण. सहा मुलगे, आणि मुली दोघी: मी, सतरा वर्षांची, आणि त्यांच्या चाळीतली कुसुम. माझी आई काही मला पाठवायला तयार नव्हती. "सासरी जाऊन काय रंधा मारणार आहेस?" मग मास्तर स्वतः आमच्याकडे आले, दाराला गुण्या लावला, दीड सूत जाहीर केलं, आणि दार उतरवून असं रंधलं की वर्षानुवर्षं लाथ मारून लागणारं ते दार एका बोटानं लागलं. आईनं मला त्या दाराच्या बदल्यात देऊन टाकली, असंच मी म्हणते.

पहिला महिना लाकडाला करवत लावू दिली नाही. नुसत्या रेघा. पेन्सिल घ्यायची, गुण्या धरायचा आणि रेघ मारायची.

"मारली, मास्तर."

"ही रेघ? हे गांडूळ हाय. पुसा."

मग रंधा. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढलपी अखंड निघाली पाहिजे. निघाली की मास्तर ती उचलून कानावर अडकवायचे, आणि कुणाची कधी निघाली ते साऱ्या चाळीला सांगत तसेच घरी जायचे. रंधा मारायच्या आधी आम्ही मुलींनी बांगड्या काढून भिंतीतल्या खुंटीला लावायच्या, हा नियम. "काच आणि रंधा एका हातात नाय चालत." खिळा तर बघायलाही मिळायचा नाही. फळीत खाच पाडायची, खाचेत दुसरी फळी बसवायची, सरस लावायचा. खिळा मागितला तर मास्तर असे बघायचे, जणू आपण त्यांच्याकडे विडी मागितली.

लाकूड म्हणजे मिलमध्ये यंत्रांचे भाग यायचे त्या देवदारी खोक्यांच्या फळ्या. त्यांवर इंग्रजी अक्षरं छापलेली असत. 'ही बाजू वर' असं छापलेली फळी मी नेमकी उलटी बसवली आणि आठवडाभर सगळ्यांनी मला मान वाकडी करून हाक मारली.

शेल्फ तयार झालं की परीक्षा. परीक्षा म्हणजे मास्तर स्वतः त्यावर बसायचे. "माणूस पेलत नाय ते शेल्फ पुस्तक काय पेलणार?" आमच्यात दत्ता म्हणून एक तापट मुलगा होता, त्याचं शेल्फ मास्तरांसकट खाली आलं. आम्ही घाबरलो. मास्तर फळ्यांच्या ढिगात मांडी घालून बसले, शांतपणे त्यातली एक उचलली, गुण्या लावला आणि म्हणाले, "बघ. दीड सूत."

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे. पुढचं सांगताना हसू येत नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आदल्या साली गोळ्या चालल्या होत्या, आमच्या भागातली माणसं गेली होती. तरी दर थोड्या दिवसांनी मोर्चा निघायचाच, आणि आम्हा पोरांच्या अंगात वारं भरायचं. पण एक गंमत बघा. ज्या दिवशी मोर्चा, त्या दिवशी नेमकी मास्तरांची शिकवणी. तीही मोर्चाच्या वेळेला. मास्तर पाळी बदलून घ्यायचे, आठही जणांना घरून हाताला धरून आणायचे, खोलीला आतून कडी लावायचे आणि दाराला पाठ टेकून बसायचे. बाहेर डफ वाजतोय, घोषणा चालल्यात, आणि आम्ही आत खाचा पाडतोय.

दत्ता एकदा भडकला. "मास्तर, सगळी गिरणगावची माणसं रस्त्यावर आहेत, आणि आम्ही काय इथं फळ्या तासायच्या?"

"तुझी खाच दीड सूत भायेर हाय. ती आत आण. मंग महाराष्ट्र माग."

असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला बाहेर पडल्यावर दत्ता म्हणाला, "म्हातारा भित्रा आहे." कुणीच नाही म्हटलं नाही. मीही नाही. आणि मी नुसती गप्प बसून राहिले असते तरी बरं होतं.

सभेत बायका भाषणं करायच्या. घाबरटांना बांगड्या भरा, अशी गर्जना झाली की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. ते माझ्या डोक्यात बसलं. त्याच संध्याकाळी मी माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढल्या, सगळ्या, डझनभर. वर्तमानपत्रात बांधल्या, आहेराला लावतात तसं पुडीला कुंकू लावलं आणि अभ्यासिकेत जाऊन मास्तरांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवून आले. येताना मला वाटत होतं, महाराष्ट्र निम्मा तरी मीच आणला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मास्तर त्यांच्या चाळीत कुणाची तरी खिडकी दुरुस्त करायला बसले आणि गॅलरीत दहा माणसांसमोर त्यांनी पेटी उघडली.

दुपारी कुसुम धापा टाकत आमच्याकडे आली. "अगं, मास्तरांच्या पेटीत कुणीतरी बांगड्या घातल्या. कुंकू लावून! आमच्याकडची पोरं पेटलीयत. तुमच्या चाळीतल्यांचंच काम आहे म्हणतायत. 'आम्ही धर्म बदलला, ह्यांची नजर नाही बदलली,' म्हणतायत. संध्याकाळी जाब विचारायला येणारेत इकडे."

खरं सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं, मी एका भित्र्याला बांगड्या पाठवल्या. मैदानापलीकडून मात्र ते असं दिसत होतं की आमच्या चाळीनं त्यांच्या चाळीतल्या वडीलधाऱ्या माणसाला बांगड्या पाठवल्या. आणि तिकडून मी एकदाही बघितलं नव्हतं.

कुसुमची नजर माझ्या हातांवर गेली. मूर्खासारख्या मी सगळ्या बांगड्या देऊन टाकल्या होत्या, चारसुद्धा ठेवल्या नव्हत्या. तिनं त्या भुंड्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "येते," म्हणाली आणि गेली. कुणाला काही बोलली नाही ती. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

तासाभरानं मैदानात कल्ला ऐकू आला. मी दाराआडून पाहिलं. मास्तर! त्या बारा बांगड्या आपल्या टोपीत ठेवून, टोपी ताटासारखी दोन्ही हातांत धरून, त्यांच्या चाळीतून निघून आमच्या चाळीकडे येत होते, आणि ओरडत होते, "कुणाच्या पोरीच्या ऱ्हायल्या गो ह्या? रंधा मारताना काढून ठेवल्या आणि इसरून गेली! हातात ठेवता येत नायत तर घालता कशाला?"

पुडी नव्हती, कुंकू नव्हतं. नुसत्या विसरलेल्या बांगड्या.

एकेक दार घेत आले. तळमजल्यावरच्या बायकांनी त्यांना घेरलं. "मास्तर, लग्न जमलं की काय?" "माझ्या हातात घालून बघा!" एका जाड्या मावशींनी खरंच घालून पाहिली, ती अंगठ्यापाशीच अडली. मास्तर डोळा मिटून म्हणाले, "मावशी, दीड सूत." सगळी चाळ खो खो हसली. जाब विचारायला निघालेली त्यांच्याकडची पोरं मागून येत होती, तीही हसायला लागली. संध्याकाळच्या आत त्या बांगड्यांचा नुसता तमाशा होऊन गेला. पाठवल्या कुणी, हे विचारायचंच लोक विसरले.

आमच्या मजल्यावरही ते आले. पहिलं दार. दुसरं दार. तिसरं आमचं. आतल्या अंधारात हात पदराखाली घेऊन मी उभी होते. दारापर्यंत आलेली पावलं थांबली नाहीत. चौथ्या दारावर कडी वाजली.

"अगंबाई," आई म्हणाली, "आपल्याकडे नाही आले ते?"

मंगळवारी शिकवणीच्या आधीच जाऊन उभी राहिले. मास्तर खाचा पाडायच्या पटाशीला दगडावर धार लावत होते.

"मास्तर, त्या बांगड्या..."

"घावली काय धनीण?"

"त्या कुणी विसरलं नव्हतं."

"ठाव हाय."

"मी ठेवल्या होत्या."

"ता पण ठाव हाय. रोज खुंटीला दिसत नाय काय त्या मला?"

मला रडू फुटलं. चुकले, चुकले, एवढंच म्हणत राहिले. मास्तरांनी पटाशीवर पाणी टाकलं, पुन्हा घासायला लागले.

"चुकलीस कशी? बरोबर माणसाला दिल्यास. मी हायच भित्रा."

मी शिव्या खायच्या तयारीनं गेले होते. याची तयारी नव्हती.

"संपात मी पयला असायचा, बाय. लाठ्या खाल्ल्या, दात पडला. तवा भ्या नव्हता. मागं रडायला कोण होता? कोणच नाय." दगडावरचा हात थांबला. "तुमी पोरं ह्या खोलीत यायला लागलात आणि मला भ्या लागला. मोर्च्याचा आवाज आला की मी मोजतो. आठ भरली की बरा वाटता. मागल्या खेपेला दत्तू कोपऱ्यात माठाकडं पाणी प्यायला वाकला तर सातच भरली, आणि मी पुन्ना पयल्यापासून मोजली."

नाक पुसत मी तशीच उभी होते. त्यांनी वर पाहिलं.

"त्या फळीवर रडू नको. भिजली की फुगता लाकूड."

पुढचा मोर्चा आला. या वेळी दत्तानं सरळच सांगितलं, मास्तर, आज आम्ही जाणार. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मास्तरांनी हत्यारं पेटीत ठेवली, हात धुतले, टोपी घातली, कडी काढली आणि आम्हा आठ जणांना पुढं घालून स्वतः मागून निघाले.

रस्ता माणसांनी तुडुंब भरला होता. पुढून घोषणा यायची, मागच्यांनी उचलायची. मास्तरांचेही ओठ हलत होते. मला वाटलं, देतायत घोषणा, भीड चेपली. गर्दीच्या रेट्यात मी जरा मागे ढकलले गेले तेव्हा त्यांचा आवाज कानी आला.

"...पाच, सहा, सात, आठ." श्वास घेतला. "एक, दोन, तीन..."

संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून साऱ्या रस्त्यानं मुठी उगारल्या. मीही माझा भुंडा हात होता होईल तेवढा उंच केला. मला शोधायला लागू नये त्यांना, एवढ्यासाठीच तो हात मी वर ठेवला, मोर्चा मैदानावर पोचेपर्यंत. मागे वळून त्यांच्या तोंडाकडे बघायचं मात्र त्या दिवशी मला जमलं नाही.