जुळलेलं एकच कलम

एकाच यंत्रात दोन प्रोग्राम बसवायचे असले, की दोघांचे परवाने, म्हणजे वापराच्या अटी, माणसांसारखे स्वतः येतात, एकमेकांना पाहतात आणि जुळलं तरच काम पुढे सरकतं. तालुक्याच्या रुग्णालयात त्या सकाळी हाच कार्यक्रम होता, म्हणून डॉ. वैजयंता खानोलकरांनी वॉर्डात दोन खुर्च्या मांडायला सांगितल्या.

नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेटीतला कंपनीचा प्रोग्राम बिघडला होता आणि कंपनी दाद देत नव्हती. कुणा भल्या माणसांनी लिहून जगाला फुकट वाटलेला एक छोटा प्रोग्राम जोडला, की पेटी झकास तापत होती. पण परवाने जुळल्याशिवाय ती चालवायची नाही, असा नियम. मैनाचं अपुऱ्या दिवसांचं बाळ शेजारी दुपट्यात गुंडाळून ठेवलं होतं.

कंपनीचा परवाना सफारी घालून आला. फुकट प्रोग्रामचा मोकळा परवाना म्हणजे सुती साडीतली ठसठशीत बाई.

"मी नांदेन त्या घराची सगळी दारं उघडी हवीत," बाई म्हणाली. "आत काय शिजतं ते कुणीही पाहावं, शिकावं, घेऊन जावं."

"आमच्याकडे खिडकीसुद्धा उघडत नाहीत," सफारीवाले म्हणाले.

"अहो, बाळ गार पडतंय!" डॉक्टर म्हणाल्या.

"आधी दारांचं ठरू दे," बाई शांतपणे म्हणाली. तिचं म्हणणं डॉक्टरांना मनापासून पटत होतं, त्यामुळे त्यांचा संताप आणखीच वाढला. चहा आला, कप रिकामे झाले, तरी बोलणी दाराशीच अडलेली.

"तुमचं एका तरी गोष्टीवर एकमत आहे का हो?" डॉक्टर कडाडल्या.

दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे नीट पाहिलं.

"आहे," दोघं एका सुरात म्हणाले. "बाळाला काही झालं, तर आम्ही जबाबदार नाही."

शब्दन् शब्द जुळला. बाई लाजली. सफारीवाल्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"उठा! चालते व्हा इथून!" डॉक्टरांनी दोघांना व्हरांड्यात घालवलं. बाळाला उघडं करून मैनाच्या उघड्या छातीशी घट्ट ठेवलं, वरून घोंगडी पांघरली. "अशीच पडून राहा, पोरी. आता तुझ्याच अंगाची ऊब."

दुपारपर्यंत बाळाचे तळवे कोमट झाले. ते चुळबुळ करू लागलं, तेव्हा कुठे डॉक्टर खाली बसल्या.

संध्याकाळी रुग्णालयाचे अधीक्षक पेढे घेऊन आले. "जुळलं! त्या एका कलमावर लग्न ठरलं."

"म्हणजे पेटी चालवू?"

"छे! बाकीची कलमं आहेत तिथेच आहेत."

"मग ती पेटी त्यांना आहेर म्हणून पाठवा."

"पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असं छापणार आहेत, मॅडम."

"म्हणूनच पाठवा!"

अधीक्षकांनी माणसं बोलावली. पेटी दारातून जाईना, तेव्हा दोन्ही फळ्या उघडाव्या लागल्या. आत मैनाने कूस बदलली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही घ्या जरा आता." समाधानने हात धुतले आणि शर्टाची बटणं सोडायला घेतली.