पाण्याच्या दिवशीचं वायफाय

टेक्निशियनला बोलवायचं नाही, असं गुरुसिद्धप्पांनी ठरवलं आणि तिथंच सगळा घोटाळा सुरू झाला.

ठरवायला तसं कारण होतं. ऑफिसात ते हेडक्लार्क. तिथला प्रिंटर अडला की सगळे त्यांनाच हाक मारत. गुरुसिद्धप्पा प्रिंटरच्या पाठीत एक थाप मारत आणि प्रिंटर सुरू होई. (कधीकधी होत नसे, पण अशा वेळी ते बेसावध असलेल्या दुसऱ्या कुणाला तरी थाप मारायला सांगत.) असा माणूस घरच्या लॅपटॉपसाठी बाहेरचा कारागीर आणणार? मग ऑफिसात तोंड कसं दाखवणार?

आणि या खेपेला लॅपटॉप चालणं फार म्हणजे फारच गरजेचं होतं. त्यांच्या बायकोच्या, सिद्धेश्वरीच्या हातच्या कडक भाकरीचं नाव पाहुण्यारावळ्यांतून फिरत फिरत थेट मँचेस्टरला पोचलं होतं. तिथल्या मराठी मंडळाच्या संस्कृतीताईंचा फोन आला. मंडळाच्या संमेलनासाठी भाकरी हवी, पण मशिनची नको, हातानं थापलेलीच हवी. "रविवारी दुपारी व्हिडिओवर तुमचं स्वयंपाकघर दाखवा, एक भाकरी थापून दाखवा, की ऑर्डर पक्की," असं त्या म्हणाल्या. आजवर गल्लीच्या पलीकडं भाकरी न विकलेली सिद्धेश्वरी फोन ठेवून तीन-तीनदा हसली. तिनं ठेवणीतली इरकल काढली, परात चिंचेनं घासली, मोहोळची ज्वारी दोनदा चाळली.

"नेटचं तेवढं बघा हं," ती म्हणाली.

"नेटचं माझ्यावर सोड," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

आता अडचण अशी की लॅपटॉप स्वयंपाकघरात आणि राउटर पुढच्या खोलीतल्या फळीवर. मधे अरुंद पॅसेज. शनिवारी त्यांनी लॅपटॉप ओट्यावर ठेवला, पॅसेजच्या दारात कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "लाव." सिद्धेश्वरीनं पुण्यातल्या लेकीला, सृष्टीला व्हिडिओ लावला. सृष्टी "हॅलो" म्हणाली आणि तोंड उघडं ठेवून तशीच थांबली. वायफाय गेलं. गुरुसिद्धप्पा तपासायला राउटरकडं गेले, तोवर वायफाय आलं. ते परत दारात येऊन उभे राहिले, वायफाय गेलं.

त्यांनी राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. मग दोन्ही एकदम बंद करून घरातली ट्यूबलाईटही बंद करून पाहिली. पासवर्ड पुसून पुन्हा घातला. राउटरचे दोन्ही कान धरून चांगले पिरगळले. एक थापही मारली. काही उपयोग झाला नाही.

"तुमी हापिसला गेलाव की दिवसभर बरं चालतंय की वो," सिद्धेश्वरी म्हणाली.

"दिवसा लाईनवर लोड कमी असतो," गुरुसिद्धप्पांनी गंभीरपणे सांगितलं. (लोड म्हणजे काय, हे तिनं विचारलं नाही, हे त्यांचं नशीब.)

रविवार उजाडला आणि नेमका पाण्याचा दिवस निघाला! चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गल्लीत पाण्याचा दिवस म्हणजे सणच. गुरुसिद्धप्पांच्या आई, सुंदरम्मा, पदर खोचून नळाशी बसल्या. पिंपं, घागरी, बादल्या, कुकरसुद्धा भरला. सगळी भरलेली भांडी नेहमीप्रमाणं पॅसेजच्या भिंतीला ओळीनं लागली. आता पुढचे चार दिवस निर्धास्त, म्हणून सुंदरम्मा स्वयंपाकघरात पाटावर टेकल्या.

दुपारी मँचेस्टर लागलं! स्क्रीनवर संस्कृतीताई दिसल्या, त्यांच्यामागं मंडळाच्या आणखी दोघी डोकावत होत्या. सिद्धेश्वरीनं नमस्कार केला, पिठाचा गोळा हातात घेतला. गुरुसिद्धप्पा दारात छाती काढून उभे राहिले आणि संस्कृतीताई एक डोळा मिटून थिजल्या.

"गेलं!" सिद्धेश्वरीचा आवाज रडवेला झाला. "आता कसं वो?"

गुरुसिद्धप्पांच्या कपाळाला घाम फुटला. त्यांनी राउटरकडं पाहिलं, लॅपटॉपकडं पाहिलं, आणि मधल्या पिंपांकडं पाहिलं. एकदम त्यांना मोबाईलवर कधीतरी पाहिलेला व्हिडिओ आठवला.

"पाणी!" ते ओरडले. "पाणी वायफाय पितं! सापडलं! लहरी येतात आणि या पिंपांत बुडतात!"

"येडा झालास काय, गुरु?" सुंदरम्मा म्हणाल्या.

पण गुरुसिद्धप्पांनी दोन बादल्या उचलल्या आणि धावत शेजारच्या दगडाबाईंच्या दारात नेऊन ठेवल्या. आतून सिद्धेश्वरीची हाक आली, "आलं वो! आलं!"

आता मात्र त्यांच्या अंगात वारं शिरलं. दोन बादल्यांत एवढा फरक! ते विजयी मुद्रेनं पुढच्या बादलीसाठी परत आले आणि पॅसेजमध्ये वाकले.

"गेलं वो!"

"म्हणजे अजून पाणी जास्त हाय!" त्यांनी दोन घागरी उचलल्या आणि पळाले.

"आलं!"

परत आले.

"गेलं!"

"बघितलंस? बरोबर लागू पडायलंय!" गुरुसिद्धप्पा धापा टाकत म्हणाले. ऑफिसातल्या सगळ्या लोकांनी आपल्याला आत्ता पाहायला हवं होतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

दगडाबाईंनी आधी दारातल्या बादल्यांकडं संशयानं पाहिलं. त्यांच्याकडं त्या दिवशी नळाला धार कमी आली होती. "न्यायचं काय हे?" त्यांनी विचारलं.

"न्या, न्या! सगळं न्या!"

पाणी फुकट वाटणारा माणूस गल्लीनं प्रथमच पाहिला. बघता बघता बायका कळश्या घेऊन दारात जमल्या. मोठी पिंपं हलेनात म्हणून गुरुसिद्धप्पा तांब्यानं उपसून बादल्या भरू लागले आणि खेपा घालू लागले. सुंदरम्मांच्या डोळ्यांत पाणी आलं. (घरात आता तेवढंच राहणार होतं.)

"साकु, गुरु, साकु!" त्या कळवळून म्हणाल्या. "बास कर की रे! प्यायला तरी ठेव!"

"आव्वा, प्रश्न भाकरीचा हाय!"

शेवटचं पिंप आडवं होऊन घळघळलं. भांडी सगळी रिकामी ठणठणीत. गुरुसिद्धप्पांचा शर्ट मात्र ओलाचिंब, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. आतून सिद्धेश्वरीचं थापणं ऐकू येत होतं, संस्कृतीताईंचं "वा, वा, कागदासारखी पातळ हो!" ऐकू येत होतं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. हे आपलं काम. आता चार शब्द कौतुकाचे ऐकावेत, एवढी इच्छा कुणालाही होईल. ते दारात आले, दोन्ही हात चौकटीला लावले आणि हसले.

"गेलं," सिद्धेश्वरी म्हणाली.

गुरुसिद्धप्पांनी रिकाम्या पॅसेजकडं पाहिलं. कुकरमध्ये पाहिलं. देवघरातली पंचपात्री आठवून तिकडं वळले, तोच लॅपटॉप बोलू लागला.

"सिद्धेश्वरीताई," संस्कृतीताई जरा संकोचून म्हणाल्या, "भाकरी फारच छान. पण एक विचारू का? ते ओले गृहस्थ दारात येतात ना, तेव्हा दरवेळी तुमचं चित्र अडकतं. ते गेले की सुरू. आम्ही मघापासून बघतोय. त्यांना थोडा वेळ बाहेर बसता येईल का?"

तव्यावरची भाकरी तेवढी कडकडली.

सुंदरम्मांनी पाटावरून लेकाकडं वरपासून खालपर्यंत आणि मग या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत पाहिलं. या दुसऱ्या प्रवासाला वेळ लागला. नुसतं बोट करून त्यांनी रस्ता दाखवला.

गुरुसिद्धप्पा दगडाबाईंच्या कट्ट्यावर जाऊन बसले. आतलं चित्र पुन्हा एकदाही अडकलं नाही. थोड्या वेळानं सिद्धेश्वरी पिठानं माखलेले हात घेऊन धावत दारात आली. "पक्की झाली वो! ऑर्डर पक्की झाली! पुढच्या रविवारी चटणी पण दाखवा म्हणालेत!" ती गल्लीत अक्षरशः नाचली, आणि गुरुसिद्धप्पांनाही एवढा आनंद झाला की आपण कट्ट्यावर का बसलोय, हे ते क्षणभर विसरले. दगडाबाईंनी त्यांना चहा दिला. पाणी अर्थात त्यांचंच होतं.

पुढच्या रविवारी दुपारी ते कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी मोबाईल हातात धरून उभे होते. ऑफिसातले एक कारकून तिथून गाडीवरून चालले होते. त्यांनी गाडी थांबवली.

"काय साहेब, वहिनींचा माल परदेशात जायालाय म्हणं? लई भारी! तुमी काय बघताव त्यात?"

"नेटवर्क," गुरुसिद्धप्पा ताठ होत म्हणाले. "नेटवर्क सगळं माझ्याकडंच हाय."

तेवढ्यात मोबाईलमधून सिद्धेश्वरीचा आवाज आला, आणि तो स्पीकरवर होता.

"आवं, चित्र जरा हलायलंय. अजून थोडं लांब जावा की."