चिटाच्या मानाची कैफियत

श्रीकुलस्वामिनी, जी कापूस पिकविते आणि रंग चढविते, तिचे चरणी मस्तक ठेवून लेखनास आरंभ केला ऐसा जे. शके सतराशे ब्याऐंशी, रौद्रनाम संवत्सरी, एका थोर राज्यात, नाव घेण्याची लाज वाटते, राजकन्या अंबिकाबाई यांचे लग्न निघाले. त्या घराची चाल ऐसी की, हळद उतरली म्हणजे नवरीचे अंगावर पहिले वस्त्र चिटाचे पडावे, आणि ते भागूबाई रंगारणीने आपले हाते फुलांचे ठसे मारून आणावे, आणि ओटीही तिनेच आधी भरावी, मग राण्यांनी. हा मान पिढीजाद. मग इंग्रज टोपीकरांचा वकील आहेर घेऊन आला, आणि चिटाचे नाव ऐकोन हसला आणि बोलिला, "आमचे देशी या शब्दाचा अर्थ सवंग, भडक." फडणीस बाबाजीपंत यांस घाम फुटला, आणि महाराजांची मर्जी फिरली, आणि हुकूम सुटला की, चीट हा शब्द कोणी उच्चारू नये, 'पुष्पांकित पट' म्हणावे, आणि लग्नास विलायती कापड आणावे, आणि रंगारणीस देवडीवर अडवावे. वा रे अब्रू! परक्याने नाक मुरडले, आणि आम्ही आपलेच नाक कापोन दिधले.

आता या शब्दाची खरी हकीकत ऐकावी. मूळ संस्कृतात चित्र, म्हणजे रंगीबेरंगी. मग हिंदुस्थानीत छींट, आणि आमचे घरी चीट. मग जहाजे आली, आणि फिरंगी म्हणजे पोर्तुगीज यांनी शीता म्हटले, आणि वलंदेज म्हणजे डच यांनी सिट्स, आणि इंग्रजांनी चिंट्झ, आणि तिकडील बायका या कापडावर ऐशा लुब्ध जाहल्या की तेथील विणकर बोंब मारू लागले, आणि सरकारांनी ते नेसण्यास बंदी केली. मग त्यांनीच यंत्रावर नक्कल काढिली, आणि ती नक्कल बाजारात सवंग जाहली, आणि बट्टा लागला आमचे शब्दास! चोर सोडून संन्याशाला सूळ, आणि त्या न्यायास आमचा दरबार मुजरा करितो!

हळदीचे दिवशी भागूबाई वस्त्र घेऊन देवडीवर आली. भालदार म्हणाला, "बाई, मागं फिर. हुकूम आहे." ती म्हणाली, "फिरते बाबा. पण ताईसाहेबांनी सांगू दे. त्यांच्या आईसाहेबांच्या अंगावर मीच घातलं व्हतं." हे अंबिकाबाईंनी ऐकिले, आणि हळदीचे अंगानेच बाहेर आल्या, आणि मागोमाग महाराज. बाई बोलिल्या, "आबासाहेब, उद्या सासरी तांदळांत माझे नवे नाव लिहितील. त्या घरी मला कोणी हलकी म्हटले, तर माहेरीही माझे नाव टाकाल काय?"

मग महाराजांनी आपले हाते देवडीचे दार उघडिले, आणि भागूबाईस आत घेतले. तिने वस्त्र नेसविले, ओटी भरिली, आणि वकील ऐकेल ऐसे म्हणाली, "चिटाचं हाय, ताईसाहेब. धुतलं तरी रंग जायाचा नाही." विलायती ठाण कोठीत पडले, त्यास कसर लागली.

सारांश, लेकीस आणि शब्दास सासरी काय म्हणतात ते सासरचे पाप. अंबिकाबाईंचे तिकडे नाव पडले रमाबाई. महाराज इकडे अखेरपर्यंत अंबीच म्हणत.