सूर्याचे पाव आणि हेर्दिसबाईंचं गुपित

यंदा सूर्याच्या स्वागतात कुठलाही गोंधळ होणार नाही, असं हेर्दिसबाई नुसतं म्हणाल्या नव्हत्या, त्यांनी ते चक्क छापलं होतं! शाळेच्या 'मध्य हिवाळ्याच्या बातम्या' या पत्रकात, पहिल्याच कलमात, ठळक अक्षरात: "सूर्यदिनाची तयारी पूर्ण झाली आहे. पालकांनी निर्धास्त असावं." त्याखाली किरकोळ बातम्या होत्या. स्कीची सहल फेब्रुवारीत निघेल. मासे साफ करायचा वर्ग तोर्गाइरच्या बोटघरात भरेल. एका पायाचा हिरवा मोजा नाताळपासून बेवारस पडला आहे. लहान वर्गात उवा निघाल्या आहेत, पण घाबरण्याचं कारण नाही.

आता तयारी पूर्ण झाली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

स्कारविक हे उत्तर नॉर्वेतलं खाडीकाठचं गाव. दक्षिणेला डोंगर असा आडवा पडलेला, की नोव्हेंबरात गेलेला सूर्य जानेवारी सरता सरता कुठे खिंडीतून डोकावतो. तोही जेमतेम चार-पाच मिनिटं. पाहुण्याने दारातूनच 'घाईत आहे' म्हणून परत फिरावं तसा! पण तेवढ्यासाठी अख्खं गाव शाळेत गोळा होतं. शाळेच्या पायरीवरून एखाद्या मुलाला सूर्य दिसला आणि त्याने आरोळी ठोकली, की उरलेल्या दिवसाची सुट्टी. मग सूर्याचे पाव खायचे. गोल, तळलेले, आत जॅम आणि वर साखर. मात्र आरोळी झाल्याशिवाय पावाला तोंड लावायचं नाही. एकादशीला आपल्याकडची माणसं पळवाटा काढतात; स्कारविकमध्ये या बाबतीत पळवाट नाही.

मागच्या वर्षी बाई नवीन होत्या. त्यांनी पत्रकात लिहिलं, "पाव आणायला सर्वांनी हातभार लावावा." सर्वांनी म्हणजे दुसऱ्याने, हे जगात सगळीकडे सारखंच! एकही पाव आला नाही. सूर्याचं स्वागत झालं ते कडक भाकरी आणि ट्यूबमधल्या माशांच्या अंड्यांच्या चटणीने. लोक अजूनही त्या दिवसाला 'चटणीचा सूर्य' म्हणायचे आणि बाई दिसल्या की गप्प व्हायचे.

बाईंची नेमणूक होती तात्पुरती. यंदाच्या सूर्यदिनाच्या संध्याकाळी पालकसभा बसणार होती. सभेने शिफारस केली तर मुख्याध्यापिकेची जागा कायम, नाहीतर बाईंनी पुन्हा दक्षिणेचा रस्ता धरायचा. आणि बाईंना इथेच राहायचं होतं, अगदी मनापासून. सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात चार शाळा झाल्या, चार भाड्याची घरं झाली. पण दार न वाजवता आत शिरून, बूट काढून, "बाई, काय शिजतंय?" असं विचारणारी पोरं फक्त स्कारविकमध्ये भेटली. चौदा पोरं! त्यांना सोडून जायची कल्पनाच बाईंना करवत नव्हती.

म्हणून दुधाने तोंड पोळलेल्या बाई यंदा ताकही फुंकून पिणार होत्या. त्यांनी बेत आखला: सगळ्यांना सांगायचंच नाही. एकालाच गाठायचं, गुपचूप!

पहिला फोन पेत्राआजींना. गावात पाव तळावेत ते पेत्राआजींनीच.

"आजी, सूर्यदिनाचे पाव तुम्ही कराल का? सगळ्यांना पुरतील एवढे? तुमच्या हातची चव कुणालाच नाही. पण हे आपल्या दोघींतच हं! बाकीच्यांना वाईट वाटेल."

पलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग आजी म्हणाल्या, "हवा कशी राहते त्यावर आहे, बाई."

तळायचे घरात, आणि हवेचा काय संबंध? बाईंनी अर्थ लावला: आजींनी टाळलं!

स्कारविक पडलं कोळ्यांचं गाव. उद्याचा शब्द मोठ्याने द्यायचा नाही, समुद्र ऐकत असतो, ही तिथल्या लोकांची पिढ्यान्पिढ्यांची समजूत. जो "हवेवर आहे" म्हणतो तो मरता मरता का होईना काम पुरं करतो. बाई पडल्या दक्षिणेतल्या. तिकडे लोक हसून "हो हो, नक्की!" म्हणतात आणि विसरून जातात. बाईंना त्या नक्कीचीच सवय.

दुसरा फोन तोर्गाइरला. हा मासेमारी करणारा, पालकसभेचा अध्यक्ष, पहिलीतल्या रुनाचा बाप. बाईंनी तेच सांगितलं: तुमच्या घरची चव, आपल्यातच ठेवा, वगैरे. फोनमध्ये आवाज आला, "हप्प!" नुसता श्वास आत ओढल्याचा. पुढे काहीच नाही.

"तोर्गाइर? काय झालं? पडलात का?"

"नाही. बोटीवर आहे. ठेवतो."

आता श्वास आत ओढणं म्हणजे तिकडे 'हो'. समोरासमोर मानही हलते, म्हणून बाईंना ते कळायचं. फोनवर मान कशी दिसणार? त्यांना वाटलं, माणूस दचकला! अध्यक्षालाच पाव तळायला सांगितले, आता शिफारस बोंबलली!

मग काय, तिसरा फोन, चौथा, पाचवा. कुणी म्हणे "बघू, काय जमतं", कुणी म्हणे "हप्प". शेवटी बाईंनी दुकानदारीण मोल्फ्रिदलाही गाठलं. तीही म्हणाली, "हवेवर आहे." आठ घरं झाली, आठही घरांनी, बाईंच्या हिशेबाने, तोंडाला पानं पुसली. आणि बाईंच्या नकळत आठही घरांत, दारं-खिडक्या लावून, पीठ मळायचं ठरलं.

मोल्फ्रिदच्या दुकानात रांग लागली. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असा एकेकाचा अवतार!

"पीठ दे. पाच किलो."

"एवढं कशाला?"

"उंदीर झालेत."

"उंदरांना पीठ घालतोस?"

"तू दे गं! आणि जॅम. तोही उंदरांनाच."

मोल्फ्रिद चक्रावली. अख्खं गाव चोरून पीठ नेतंय, म्हणजे आहे तरी काय? तेवढ्यात हेर्दिसबाईच दुकानात आल्या.

"मोल्फ्रिद, रिकामे खोके आहेत का? चांगले मोठे हवेत. सगळं आवरायला काढलंय."

"सगळं?"

"सगळं! किती पसारा साठतो हो दोन वर्षांत! आता एकदाचं मोकळं व्हायचंय."

बाई बोलत होत्या शाळेतल्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या कपाटाबद्दल. मोल्फ्रिदने सहा खोके दिले, दार लागेपर्यंत कशीबशी थांबली आणि मग पदर, आपलं, ॲप्रन डोळ्यांना लावला. बाई चालल्या! म्हणूनच जाण्याआधी एकदा माझ्या हातचे पाव खायची इच्छा झाली त्यांना! बिचारीने ते गुपितात मागितलं, आणि मी ते नुसतं सूर्यदिनाचं काम समजत होते!

खोक्यांची गोष्ट मोल्फ्रिदने फक्त ओड्वारला सांगितली. ओड्वार शाळेची बस चालवतो. त्याला सांगणं म्हणजे पत्रकात छापणंच, फक्त पत्रक लोक वाचत नाहीत. संध्याकाळपर्यंत बाई जाणार हे गावभर झालं. पावांबद्दल मात्र कुणी अक्षर काढलं नाही. ते तर बाईंनी आपल्याच एकट्यावर विश्वासाने सोपवलेलं गुपित! आणि बाईंना तोंडावर विचारायचं? छे! स्कारविकमध्ये दुसऱ्याच्या घरात डोकावत नाहीत; स्वतःच्या घरी बसून तर्क करतात.

इकडे बाईंना काही कळेनासं झालं. सकाळी उठून पाहतात तर छपरावरचा बर्फ कुणीतरी उपसून टाकलेला! ओड्वारने न मागता त्यांची पिशवी उचलली आणि वर सुस्कारा सोडला. दारात वाळवलेला कॉड मासा टांगून कुणी पळून गेलं. रुना तर गणिताच्या तासाला येऊन कमरेला मिठी मारून बसली.

"काय गं, बेरीज येत नाही का?"

"येते," रुना मुसमुसली. "पण तुम्हाला दुसरीकडे कोण सांगेल बेरीज?"

दुसरीकडे! म्हणजे पोरांनाही माहीत आहे! सभेने आधीच निकाल लावलाय, आणि आता सगळे कीव करताहेत. बळी द्यायच्या बोकडाला गोडधोड घालतात, त्यातला प्रकार!

पण बाई हट्टी. जायचंच असेल तर चटणीचा डाग धुऊन जाऊ, असं म्हणून त्यांनी स्वतःच पाव तळले. आयुष्यात पहिल्यांदा! पाव असे झाले की बर्फावरच्या हॉकीला चकतीऐवजी चालले असते. बाईंनी त्यांच्यावर जास्तीची साखर पेरली.

सूर्यदिन उजाडला, म्हणजे तिकडच्या रीतीने जरा निळसर झाला. आकाश स्वच्छ. सगळं गाव शाळेच्या हॉलमध्ये. पायरीवर उभं राहायला अजून अवकाश होता. मुलं खिडकीशी, बाई टेबलाशी, टेबलावर बाईंचं एकमेव केविलवाणं ताट.

पेत्राआजी आल्या. हातात हे भलंमोठं परातीएवढं ताट, वर फडकं. मागून तोर्गाइर, त्याच्याही हातात ताट, वर फडकं. मग मोल्फ्रिद, मग बाकीचे. आठ ताटं, आठ फडकी! सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांचे चेहरे लग्नात दोन नवरदेव आल्यासारखे.

तोर्गाइरने घसा खाकरला. "बाई दोन हिवाळे आपल्यात होत्या."

होत्या! बाईंनी टेबलाची कड धरली.

"मागच्या वर्षी पाव नव्हते, ते आम्ही मनात ठेवलेलं नाही. माणूस येतो, माणूस जातो. आम्ही हा स्वेटर विणलाय. एक बाही लांब आहे, कारण ती ओड्वारने विणली."

"म्हणजे ठरलंच तुमचं?" बाईंचा आवाज चिरकला.

"आमचं? तुमचं ठरलंय ना!"

"अहो, सभा संध्याकाळी आहे! निदान सभा तरी घ्यायची होती!"

"सभेने काय जाणारं माणूस थांबतं?" आजी म्हणाल्या.

"मी थांबायला तयार आहे!"

"मग जातेस कशाला?"

"तुम्ही घालवताय म्हणून!"

"कोण घालवतंय?" तोर्गाइर गोंधळून मागे वळला. "कुणी घालवलं बाईंना?"

सगळ्यांनी मोल्फ्रिदकडे पाहिलं. मोल्फ्रिद लाल झाली. "त्यांनी खोके नेले! सगळं आवरून मोकळं व्हायचंय म्हणाल्या!"

"ते हरवलेल्या वस्तूंसाठी! त्या हिरव्या मोज्यासाठी!"

"एका मोज्याला सहा खोके?"

"आणि टोप्या! आणि हातमोजे! तुमचीच मुलं टाकून जातात!"

"थांबा," पेत्राआजींनी हात वर केला. "मग जाण्याआधी माझ्या हातचे पाव खायचे होते, ते?"

"जाण्याआधी असं मी कधी म्हटलं? आणि तुम्ही तर नाही म्हणालात!"

"मी? मी हवेवर आहे म्हणाले!"

"म्हणजे?"

"म्हणजे हो! आणखी कसं सांगतात?" आजींचे डोळे हळूहळू बारीक झाले. "पण काय गं, माझ्या हातची चव कुणालाच नाही, असं तू मला म्हणालीस."

"मलाही म्हणाल्या," मोल्फ्रिद म्हणाली.

"मलाही," तोर्गाइर म्हणाला. "आणि मी तर तळतच नाही, बायको तळते."

आठ फडकी बाजूला झाली. पावच पाव! चौदा मुलांच्या शाळेला पावांची दरड कोसळली होती. आठ घरं एका सुरात बोलू लागली. कुणाची चव, कुणाचं गुपित, कुणाचं पीठ उंदरांनी खाल्लं! बाई मधोमध उभ्या, एका हातात स्वेटर, दुसऱ्या हातात आपलाच एक पाव, शस्त्रासारखा. मुलंही खिडकी सोडून मोठ्यांच्या भांडणाभोवती गोळा झाली. आईबापांचं भांडण सूर्यापेक्षा कधीही रंगतदार.

तेवढ्यात दार उघडून ओड्वार आत आला. बूट झटकत म्हणाला, "आला होता."

"कोण?"

"सूर्य. छान होता. बसमधून पाहिला. तुम्ही सगळे आत काय करताय?"

सगळे धावले. खिंडीवर नुसती गुलाबी कड उरली होती. बघता बघता तीही विझली आणि पश्चिमेकडून काळं आभाळ चढू लागलं.

"मग सुट्टी?" रुनाने विचारलं.

"नाही," पेत्राआजी म्हणाल्या. "आरोळी झाली नाही. ओड्वार मूल नाही, आणि बस म्हणजे पायरी नाही."

"पाव?"

"नाही."

चौदा मुलांनी एकदम भोकाड पसरलं. तोर्गाइरने आभाळाकडे पाहून सांगितलं, आता आठवडाभर वादळ.

बाई पायरीवर मटकन बसल्या. चटणीचा सूर्य परवडला! तेव्हा पाव नव्हते, पण सूर्य तरी होता! आता कोण ठेवून घेणार त्यांना? डोळे भरून आले, आणि लपवायला हातात फक्त लांब बाहीचा स्वेटर.

पेत्राआजी गुडघे सांभाळत शेजारी येऊन बसल्या.

"एक सांग पोरी. बाकीचं जाऊ दे. तुला इथे राहायचंय का?"

बाईंना किती बोलायचं होतं! चार शाळा, चार घरं, न वाजवता उघडणारं दार. त्यांनी तोंड उघडलं, पण सुरुवात कुठून करावी तेच सुचेना. नुसता श्वास आत गेला.

"हप्प!"

पायरीवर सगळ्यांच्या माना वळल्या. मुलांच्यासुद्धा.

"घ्या," तोर्गाइर टोपी चढवत म्हणाला, "मग संध्याकाळी सभा कशाला? पाव उचला."

पुढच्या आठवड्याच्या पत्रकात बातम्या पुढीलप्रमाणे होत्या. सूर्य येऊन गेला. शाळेने पाहिला नाही. सर्व पाव तोर्गाइरच्या माशांच्या शीतगृहात ठेवले आहेत. किंचित वास लागेल. मुख्याध्यापिकेने केलेले पाव ओड्वारने बसच्या चाकांखाली घातले असून, घसरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा चांगला उपयोग होत आहे. आरोळी झाल्यावर ईस्टरपर्यंत मुलांना घरून डबा देऊ नये. हिरवा मोजा अजून बेवारस आहे.

आणि अगदी खाली, बारीक अक्षरात: पुढच्या सूर्यदिनाची तयारी हवा कशी राहते त्यावर आहे.