पंचफुलाच्या अंगणातला उलटा सिनेमा

आठ तास काम करणाऱ्या माणसाच्या हाती सोळा तास उरतात, आणि समाजाला खरा धोका या सोळा तासांपासूनच असतो. शेतीत ही भीती नव्हती. तिथे काम उन्हाबरोबर सुरू होई आणि कंबर मोडली की थांबे; उरत काहीच नसे. पण भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, भंडाऱ्याकडची माणसं धानाची बांधी सोडून शिफ्टवर लागली, आणि भोंगा वाजल्यावर करायचं काय, हा गहन प्रश्न कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये, उभा ठाकला. पत्ते होते. भांडणं होती. दारूची भट्टीही होती (ती कारखान्याच्या भट्टीच्या कितीतरी आधीपासून, एकदाही बंद न पडता, चालू होती).

तेव्हा शहाण्या रहिवाशांनी 'घरकुल रंजन समिती' काढली. तिचे चिटणीस भय्याजी. हा माणूस पाणी मागायचा तेसुद्धा ठराव मांडल्यासारखं. समितीचं धोरण सुटसुटीत होतं : माणसाने घरी बसावं. त्यासाठी तीन साधनं मंजूर झाली. पुस्तक, सिनेमा आणि घरचं जेवण. पुस्तकांची पेटी दर गुरुवारी दारोदार फिरे. सिनेमा दर शनिवारी मैदानात, मोठ्या पांढऱ्या पडद्यावर. जेवणाची तजवीज काय, असं एका सभासदाने विचारलं होतं. 'ते होतंच' असं म्हणून सभा पुढच्या विषयाकडे वळली.

आता मैदानातला सिनेमा घरी बसून कसा बघायचा, अशी शंका कुणी काढेल. पण क्रेन चालवणाऱ्या जानरावचं क्वार्टर मैदानाला लागूनच होतं आणि पडदा बरोबर त्याच्या अंगणासमोर उभा राही. फक्त पाठ करून. त्यामुळे चित्र उलटं दिसे. नायक डाव्या हाताने जेवी. डॉक्टर डाव्या हाताने सुई टोची. नायिका छातीच्या उजव्या बाजूला हात ठेवून मूर्च्छा येऊन पडे. न्याय तेवढा पुढून आणि मागून सारखाच उशिरा मिळे.

जानरावची तक्रार नव्हती. "खाट आपली, आंगन आपलं," तो म्हणे. "आखीन काय पायजे मानसाले?"

आणखी जे पाहिजे असे, ते पंचफुला बघे. पंचफुला त्याची बायको. तीन मंजूर साधनांपैकी तिसरं तिच्याकडे होतं, त्यामुळे पहिल्या दोहोंशी तिचा संबंध कानापुरता आला. जानराव खाटेवर पडून कादंबरी वाची आणि मध्येच खो खो हसे. ती पिठाचे हात घेऊन दारात येई.

"काय झालं वो?"

"मंग सांगतो."

हा 'मंग' अजून कुठल्या पंचांगात आलेला नव्हता.

सिनेमाची सुरुवात मात्र ती अंगणात वांगी चिरत बघायची. मशीन एकच, म्हणून रीळ बदलताना थांबावं लागे, आणि थांबलं की अंगणात जमलेल्या मंडळींना भूक लागे; तेव्हा भजी. शेवटचं रीळ चढलं की भात. कारण पडदा कोरा झाल्याबरोबर पुढ्यात ताट नसलं तर माणसाला जगाची क्षणभंगुरता जाणवते, आणि दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट असते. स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला. म्हणजे पंचफुलाने सिनेमे भरपूर पाहिले होते. शेवट एकाचाही पाहिला नव्हता.

त्याचंही तिने काही मनावर घेतलं नसतं. पण मग तो मायलेकीचा सिनेमा आला. जत्रेत हरवलेली लेक शोधत एक माय गावोगाव लोकांच्या भाकरी भाजत फिरते. पंचफुलाची स्वतःची माय लाखनीकडे, आणि तिला पाहून तीन वर्षं झालेली. विळीवरचा हात थांबला. पडद्यावरची माय एका अंगणात शिरली, आत एक तरुण बाई पाठमोरी उभी होती, आणि जानराव म्हणाला, "पंचफुला, भात टाक वं."

आतून तिला नुसते हुंदके ऐकू आले.

"भेटली का माय लेकीले?" तिने नंतर विचारलं.

"भेटली असन," जानराव भात कालवत म्हणाला. "गानं तं खुशीचंच होतं."

शेजारच्या बेबीताईला विचारलं. "मले तं असं रडू आलं वं माय, डोयाले पदरच होता. दिसलंच नाई काई."

भय्याजींना विचारलं. ते म्हणाले, "शेवट समाधानकारक आहे."

त्या आठवड्यात वरण दोनदा बुडाला लागलं.

इकडे भज्यांची कीर्ती पलीकडच्या कॅम्प-एक वस्तीपर्यंत गेली होती. समितीने पाहणी केली तेव्हा पडद्यापुढे प्रेक्षक नऊ निघाले (पैकी शेळ्या चार), आणि पडद्यामागे, जानरावच्या अंगणात, एकशे सात. अहवालाचा निष्कर्ष असा, की कामगाराला सिनेमा उलटाच आवडतो. भज्यांचा उल्लेख अहवालात नाही. ती अहवाल लिहिता लिहिता संपली.

जानरावला 'आदर्श गृहसुख' पुरस्कार म्हणून शाल आणि नारळ मिळाला. "मी तं घरून हालतच नाई," एवढंच तो भाषणात बोलला आणि टाळ्या पडल्या. वर त्याच्या पसंतीचा एक सिनेमा पुन्हा दाखवायचं ठरलं. जानराव डोकं खाजवू लागला. दाराआडून पंचफुला म्हणाली, "तो मायलेकीचा." जानरावची पसंती एकमताने मंजूर झाली.

त्या शनिवारी शेवटचं रीळ चढलं. "पंचफुला, भात टाक वं." तिने तो चुलीवर ठेवला, पदर खोचला, रस्त्याकडच्या दाराने बाहेर पडली आणि मैदानाला वळसा घालून पडद्यापुढे, शेळ्यांच्या बाजूला जाऊन बसली.

आधी तिला वाटलं, मशीन बिघडलं. सगळेच उजव्या हाताने जेवत होते. मग पडद्यावर लेकीच्या सासऱ्याने तोंड उघडलं आणि त्यातून जानरावचा आवाज आला, "चटनी आन वं." ती हलली नाही.

माय लेकीला भेटली. मिठी अगदी थोडका वेळ होती. मग मोठी पंगत बसली. लेक, जावई, नातवंडं, सुधारलेला खलनायकसुद्धा. सगळे हसत होते. पंचफुलाने पंगत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. माय नव्हती. फक्त वरून एक हात येई आणि पानात पोळी टाकून जाई. बांगडीवरून तिने तो ओळखला.

पडदा कोरा झाला तरी ती बघत राहिली.

घरी एकशे सात माणसं बसलेली होती आणि भात खालून काळा झाला होता.

"कुठं गेलती वं?" जानरावने विचारलं.

"सिनेमाले."

"कावून? सिनेमा तं घरीच होता."

"घरी भात होता," पंचफुला म्हणाली.

ही हकिगत वाचून सहृदय वाचक गंभीर होतात, असा अनुभव आहे. घरातल्या बाईलाही ती वाचून दाखवावी, असं त्यांना मनापासून वाटतं. ते खुर्चीतूनच हाक मारतात, आणि येतेच आहेस तर येताना चहा घेऊन ये, असंही सांगतात.