मामा परदेशातून आला

ताईचा मुलगा सिनेमा काढत होता. गोष्ट तुरुंगातून सुटलेल्या माणसाची. निर्माता, दिग्दर्शक, कॅमेरामन सगळं तोच, आणि स्टुडिओ म्हणजे ताईचा हॉल. ऐनवेळी हिरोला मालिका मिळाली आणि त्याने टांग दिली, तेव्हा मुलाने घरच्याच माणसाला, मामाला, उभं केलं. मामा मित्राच्या नादी लागून गोदाम फोडताना सापडला होता आणि शिक्षा भोगून नुकताच ताईकडे राहायला आला होता. शेजारच्या काकूंना मात्र ताईने भाऊ परदेशात होता असं ठोकून दिलं होतं.

त्या काकू शूटिंग बघायला खुर्ची घेऊनच आल्या.

"मामा, जुना शर्ट घालून ये," मुलगा म्हणाला. मामा बाथरूममध्ये गेला. जाता-येता कोणीतरी दार लोटून घेतलं.

बराच वेळ झाला तरी मामाचा पत्ता नाही. बाथरूमला आतून कडी लावलेली नव्हती, म्हणजे आत कोणी नाही, असं सगळे धरून चालले. मुलगा हाका मारत गच्चीवर बघून आला. भाड्याचा कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता. "मामा पळाला," असं तो जिन्यातून ओरडला, तशी खालून वॉचमन काठी घेऊन धावत आला.

तोंडावर पाणी मारायला ताईने बाथरूमचं दार ढकललं. आत मामा, जुना शर्ट घालून सरळ उभा.

"अरे, हाका ऐकू आल्या नाहीत?"

"आल्या ना. म्हटलं, आता उघडतील."

"मग बाहेर यायचं ना, कडी कुठे लावलेली होती?"

मामा ओशाळला. "तिकडे आपण दाराला हात लावायचा नसतो. कोणीतरी येऊन उघडतं."

"तिकडे म्हणजे परदेशात?" काकूंनी विचारलं.

मामाची मान खाली गेली. ताईला ते बघवेना.

"तुरुंगात," ती म्हणाली. "चुकला, शिक्षा पुरी भोगली, आता माझ्या घरात ताठ मानेने राहतोय. मला अभिमान आहे त्याचा."

"माहितीये हो सगळ्यांना," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं परदेशात राहून साधं चॉकलेट आणलं नाही, तेव्हाच कळलं."

ताई मुलाकडे वळली. "हे घेतलंस ना रे कॅमेऱ्यात?"

"कसं घेणार? मी मामाला शोधत होतो."

"मग लाव आता. मी परत बोलते. मामाला आत पाठव."

मामा निमूट आत गेला. दार लोटलं गेलं. ताईने केस सारखे केले, घसा साफ केला, अभिमानाचं वाक्य मनात जुळवून ती दाराकडे निघाली, तोच दार आतून उघडलं आणि मामा आपला आपण बाहेर आला.

"सगळा सीन घालवलास बघ," ताई म्हणाली आणि तिने डोळे पुसले.