झुलालनानांचा पाट

गेल्या पोळ्याला झुलालनाना सोंगट्यांच्या डावात इतके रंगले, की शिंगं रंगवलेले त्यांचे बैल स्वतःच गावातून मिरवले आणि स्वतःच घरी आले. भिकुबाईंनी बैलांना ओवाळलं, पुरणपोळी चारली आणि नवऱ्याचा सारीपाट चुलीत घातला. मग नानांना कानबाई देवीची शपथ घ्यायला लावली, पुन्हा पाटाला हात लावणार नाही म्हणून.

शपथ होळीपर्यंत टिकली. मग नाना शिंप्याच्या दुकानात शिरले.

"गिरधरभाऊ, लाल-हिरवं कापड काढ. पाट लावना शे."

"कवय?"

"बाजारना दिन, दुपारले. अभिमनना खळामा. पन मना घरमा कळू देऊ नको."

चोळी शिवून घ्यायला आलेल्या शेजारच्या भागाबाई दाराआड थबकल्या. आमच्या खानदेशात पाट दोन तऱ्हेचा लागतो. एक सोंगट्यांचा, कापडी, आणि दुसरा म्हणजे गाजावाजा न करता केलेलं दुसरं लग्न. लाल-हिरवं कापड, गुपचूप बेत आणि बायकोपासून चोरी, एवढं ऐकल्यावर भागाबाईंना सोंगट्या आठवायचं काही कारणच नव्हतं.

त्या सरळ घरी गेल्या नाहीत. वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर टेकत गेल्या. त्यामुळे बातमी भिकुबाईंपर्यंत पोचली तेव्हा नवरी पिंपळनेरची ठरली होती, आणि लढाईमुळे साखर रेशनवर, म्हणून जेवण गुळावर उरकायचंही ठरलं होतं.

"त्यास्ले सोतानं उपरणं सापडत नही," भिकुबाई हसल्या. "नवरी कोठेन सापडी?"

पण बाजारच्या दिवशी नानांनी दाढी करून घेतली, धुतलेलं धोतर मागितलं आणि पिशवी न घेताच बाजाराला निघाले. भिकुबाई हाताचं पीठ झटकून उठल्या. मागोमाग अर्धी आळी.

खळ्यावर अभिमन आबांशी डाव मांडून बसलेल्या नानांनी पावलं ऐकताच पाट ओढून बुडाखाली घेतला आणि हातातली सोंगटी मुठीत दाबली. भिकुबाई खळ्यावरच्या कोठीच्या दारात उभ्या राहिल्या.

"लागना का पाट?" त्यांनी विचारलं.

शपथ मोडल्याचं घरी कळलं होतं. आता खोटं बोलून उपयोग नव्हता. "लागना," नाना पुटपुटले.

"माले इचारनं नही?"

"तू हा म्हनती का?"

भिकुबाईंनी चौकट धरली. "कोन शे?"

"काळी." बायकोला सोंगटीचा रंग कशाला हवा, ते नानांना कळेना. "माले पहिलपासून काळीच लाभस."

"आनि मी?"

नाना बुडाखालचा पाट सावरू लागले.

"कोठे शे ती?"

"अभिमननी मारी टाकी."

बाहेर एक किंकाळी उठली.

"आत्तेच," नाना हळहळले. "बिचारी घरमा जाई राहिंती. दारमाच मारी."

अभिमन आबांनी मान खाली घातली. "डाव मना व्हता, वहिनी. मी काय करू?"

बायकांनी पोलीस पाटलांना बाजारातून ओढून आणलं. ते हातातल्या शेंगांसकट आले.

"मयत कोठे शे?"

नानांनी मूठ उघडली. तळहातावर काळी लाकडी सोंगटी होती. पाटलांनी ती उलटसुलट पाहिली.

"घाव दिसत नही," ते म्हणाले, आणि शेंगा सोलत निघून गेले.

भिकुबाई मटकन खाली बसल्या. पदर तोंडावर घेतला. हसतात की रडतात, समजेना. नानांना दोन्हींची भीती होती.

"सोडी देस मी," ते म्हणाले. "कानबाईशप्पथ."

"ऱ्हाऊ द्या. पहिली फेडा, मंग दुसरी घ्या." त्यांनी डोळे पुसले. "उठा बरं तठून." नवऱ्याच्या खालचा पाट ओढून त्यांनी नीट पसरला, आणि अभिमन आबांकडे वळल्या. "सरका भाऊजी. काळी आते मनी शे. देखू, कोन मारस!"

भागाबाईंनी दारातून मान आत घातली. आळीला काहीतरी सांगणं त्यांना भाग होतं. "भिकुबाई वं, शेवट पाट लागना का नही?"

"लागना," कवड्या खुळखुळवत भिकुबाई म्हणाल्या. "मनासंगेच लागना."

त्या दिवशी चरायला सोडलेले बैल पुन्हा आपले आपणच घरी आले. दाराला कडी होती.